जुनी मोटार आणि नवे आसन

खानदेशात लग्नसराईचे आणि आखाजीचे दिवस आले, की एरवी पडवीत झाकून ठेवलेल्या जुन्या मोटारी जळगाव-धुळ्याच्या रस्त्यांवर दिसू लागतात. कोणाची आजोबांनी घेतलेली फियाट असते, कोणाची ॲम्बॅसडर, तर कोणा केळी बागायतदाराची, मळ्यात राबून निवृत्त झालेली आणि आता केवळ हौसेने जपलेली जीप. या गाड्यांवर मालकांचे जे प्रेम असते ते नुसते लोखंडावरचे प्रेम नसते. घराण्याच्या एका पिढीची कमाई, एका काळची प्रतिष्ठा आणि अनेक प्रवासांच्या आठवणी त्या पत्र्यात साठलेल्या असतात. अशा गाडीतील जुनी बाकवजा आसने काढून त्यांच्या जागी, सुरक्षापट्टा अंगभूत असलेली आधुनिक आसने बसवावीत काय, हा प्रश्न वरवर पाहता दोन-चार हौशी माणसांचा आणि त्यांच्या मेकॅनिकचा खासगी प्रश्न वाटेल. वस्तुतः तो तसा नाही. माणसाच्या जिवाची किंमत, कायद्याचे मौन आणि बाजाराची घाई या तिन्ही गोष्टी त्या एका आसनाशी येऊन भिडतात.

ग्राहक नव्हे, अर्जदार

या मोटारींत सुरक्षापट्टे मुळातच का नव्हते, हे प्रथम समजून घेतले पाहिजे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला येथील कारखान्यातून फियाट ११०० बाहेर पडत असे. तिचेच पुढे १९७०च्या दशकात 'प्रीमियर पद्मिनी' असे नामांतर झाले. पश्चिम बंगालमधील उत्तरपाडा येथील ॲम्बॅसडर ही मूळच्या मॉरिस ऑक्सफर्डवर बेतलेली होती. परवान्यांच्या आणि नियंत्रणांच्या त्या काळात मोटार विकत घेणारा माणूस हा ग्राहक नसे, तो अर्जदार असे. नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. ज्या बाजारात वस्तू मिळाली यातच धन्यता मानावयाची असते, तेथे ती वस्तू अधिक सुरक्षित करण्याची निकड उत्पादकाला वाटत नाही आणि तसा आग्रह धरण्याचे बळ ग्राहकाला उरत नाही.

त्याच काळात जग मात्र पुढे चालले होते. स्वीडनच्या व्होल्वो कंपनीतील अभियंता निल्स बोलिन याने १९५९ साली तीन बिंदूंवर बांधलेला सुरक्षापट्टा सिद्ध केला. हा गृहस्थ त्याआधी लढाऊ विमानांतील वैमानिकाला बाहेर फेकणाऱ्या आसनांवर काम करीत असे. विशेष म्हणजे या शोधाचे एकस्व व्होल्वोने स्वतःपुरते राखून न ठेवता इतर उत्पादकांना खुले केले. नफ्यासाठी चालणाऱ्या संस्थेने सार्वजनिक हिताची वस्तू जगाच्या हाती द्यावी, असे प्रसंग अर्थव्यवहाराच्या इतिहासात वारंवार येत नाहीत. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याने १९७० साली पट्टा बांधण्याची सक्ती केली. ब्रिटनने पुढच्या आसनांसाठी ती १९८३ साली केली. आपल्याकडे केंद्रीय मोटार वाहन नियमांत १९९३ साली दुरुस्ती झाली आणि १९९४पासून नव्या मोटारींत पुढील आसनांना पट्टे देणे उत्पादकांवर बंधनकारक झाले. बोलिनचा पट्टा आणि आपला नियम यांत पस्तीस वर्षांचे अंतर आहे. त्या पस्तीस वर्षांत रस्त्यावर आलेल्या ज्या मोटारी आजही चालतात, त्यांचा हा प्रश्न आहे.

गाडी तीच, रस्ता निराळा

'इतकी वर्षे पट्ट्यावाचून चाललो, आजच काय बिघडले?' असा युक्तिवाद हमखास केला जातो. त्याचे उत्तर गाडीत शोधण्याचे कारण नाही. ते रस्त्यात आहे. सुरत-धुळे-जळगाव-नागपूर हा पूर्वीचा सहा क्रमांकाचा आणि आताचा त्रेपन्न क्रमांकाचा महामार्ग कालपरवापर्यंत बैलगाड्या, सायकली आणि एस.टी. यांच्या गतीने चालत होता. चिखली ते तरसोद आणि तरसोद ते फागणे या टप्प्यांच्या चौपदरीकरणाने त्याचे रूप पालटले. रस्ता रुंदावला की वेग वाढतो, आणि तो वाढतो सर्वांचाच. फियाटचा मालक आपली गाडी ताशी पन्नासच्या वेगाने, जपून चालवीत असेल. पण मागून येणारा कंटेनर त्याच्या सावधपणाला बांधलेला नसतो.

४ जुलै २०२३ रोजी शिरपूर तालुक्यातील पळासनेर येथे मुंबई-आग्रा महामार्गावर काय घडले, हे खानदेश विसरलेला नाही. ब्रेक निकामी झालेला कंटेनर वाहनांना धडकून थेट रस्त्यालगतच्या हॉटेलात घुसला आणि किमान दहा जणांचे प्राण गेले. अशा अरिष्टापुढे कोणताही पट्टा पुरा पडेल असे नव्हे; परंतु 'मी नीट चालवितो, म्हणून मी सुरक्षित आहे' हा समज किती तकलादू आहे, एवढे तरी त्यातून ध्यानी यावे. जळगाव शहराच्या पोटातून जाणाऱ्या महामार्गाला समांतर रस्ते असावेत म्हणून नागरिकांना वर्षानुवर्षे आंदोलने करावी लागली, तीही याच अनुभवापोटी.

शिवाय जुन्या मोटारीची रचनाच निर्दय असते. आधुनिक गाडीचा पुढचा भाग धडकेत मुद्दाम चुरगळावा, आणि त्या चुरगळण्यात आघाताचा मोठा वाटा खर्ची पडावा, अशी योजना असते. जुन्या गाडीत अशी हिशेबी योजना नाही. तिचा सुकाणूचा दांडा आत दबत नाही. तो चालकाच्या छातीच्या रोखाने उभा असतो. तिच्या बाकाची पाठ खांद्यापर्यंतही पोहोचत नाही, म्हणून मागून धडक बसली की मान झटक्याने मागे जाते. पट्टा आणि डोक्यामागे आधार असलेले आसन यांची गरज आधुनिक गाडीला जितकी आहे, त्याहून जुन्या गाडीला अधिक आहे, हे यावरून स्पष्ट व्हावे.

पट्टा कशाला बांधला आहे?

गरज मान्य केली तरी एवढ्याने काम भागत नाही. ताशी पन्नास किलोमीटर हा वेग सामान्यांना किरकोळ वाटतो. पण त्या वेगाने धडकणे म्हणजे सुमारे दहा मीटर उंचीवरून, म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून, खाली पडण्यासारखे आहे. सत्तर किलो वजनाचा माणूस त्या वेगात असता अर्ध्या मीटरच्या अंतरात थांबला, तर त्याला थोपवून धरण्यासाठी सरासरी चौदाशे किलो वजनाइतका जोर लागतो. हा जोर पट्टा स्वतः सोसत नाही. तो ज्याला बांधला आहे त्याच्याकडे सुपूर्द करतो. म्हणून 'पट्टा आहे काय?' या प्रश्नाइतकाच 'पट्टा कशाला बांधला आहे?' हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

नेहमीच्या मोटारीत पट्ट्याचा खांद्यावरचा बिंदू दोन दारांमधील खांबावर असतो. आघाताचा काही भाग तो खांब पेलतो. अंगभूत पट्ट्याच्या आसनात हा बिंदू आसनाच्या पाठीतच असतो. खांब नसलेल्या किंवा वरून उघड्या मोटारींसाठी ही रचना उपयोगी पडली; मर्सिडीजच्या १९८९ सालच्या उघड्या एसएल मोटारीत ती होती. तिचा लाभ उघड आहे, कारण आसन पुढेमागे केले तरी पट्टा अंगाला नीट बसतो. पण तिची किंमतही उघड आहे. खांबाने उचलावयाचा भार येथे आसनाच्या पाठीवर आणि तिथून त्याच्या चार पायांवर येतो. छातीवरचा सातशे किलोचा जोर जमिनीपासून साठ सेंटिमीटर उंचीवर लागला आणि आसनाच्या पुढच्या-मागच्या पायांत पस्तीस सेंटिमीटरचे अंतर असले, तर मागचे पाय उपटून काढू पाहणारी ओढ बाराशे किलोच्या घरात जाते. विळ्याने कापण्याऐवजी मुळासकट उपटावे, तसा हा प्रकार आहे.

आता हे पाय कशात रोवलेले असतात? चाळीस-पन्नास पावसाळे पाहिलेल्या, गालिच्याखाली गंजत आलेल्या पातळ पत्र्यात! मूळ उत्पादकाने त्या आसनासाठी स्वतःच्या गाडीचा तळ मजबूत केलेला असतो. ते आसन भंगारातून उचलून चार भोके पाडून फियाटच्या तळाला आवळले, म्हणजे आसन आले, पण त्याचा पाया मागेच राहिला. धडकेत असे आसन माणसासकट उखडले, तर पट्ट्याने माणसाला वाचविले नाही, उलट त्याला आसनाच्या वजनाशी जखडून पुढे फेकले, असेच म्हणावे लागेल. भंगारातील पट्ट्याचा धोका आणखी निराळा आहे. एकदा मोठा आघात सोसलेल्या पट्ट्याचे तंतू ताणलेले असतात. तो दिसावयास धड, पण कामास निकामी असतो. पट्टा गुंडाळून ठेवणारे आणि झटका बसताच अडकणारे चक्र विशिष्ट कोनातच बसवावे लागते. कोन चुकला तर ते नको तेव्हा अडकते, किंवा हवे तेव्हा अडकत नाही.

यातून व्यवहाराचा निष्कर्ष निघतो तो असा. फियाट आणि ॲम्बॅसडर यांना दारांमधील खांब आहे. त्यांना नव्या, प्रमाणित पट्ट्याचा खांद्यावरचा बिंदू त्या खांबावर, आतून पोलादी पट्टी देऊन, बसविणे हाच सरळ मार्ग होय. आसन बदलावयाचे ते पाठीच्या आणि मानेच्या आधारासाठी. उघड्या जीपला खांब नाही. तेथे अंगभूत पट्ट्याच्या आसनाचा मोह समर्थनीय आहे. मात्र त्याचे पाय पत्र्याला न जोडता, जाड पोलादी आधार देऊन, खालच्या सांगाड्याशी जोडले गेले पाहिजेत. हे काम अंदाजाने करावयाचे नव्हे, हिशेबाने करावयाचे आहे.

तीन आक्षेप

या सुधारणेवर पहिला आक्षेप घेतला जातो तो अस्सलपणाचा. गाडी जशी कारखान्यातून निघाली तशीच राहिली पाहिजे, असे जुन्या मोटारींचे निष्ठावंत म्हणतात. त्यात तथ्य नाही असे नाही. केंद्र शासनाने २०२१ साली केलेल्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या मोटारींची 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदणी होते. त्यासाठी गाडी मूळ स्वरूपात असावी, तिच्या सांगाड्यात, कवचात वा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा, अशी अट आहे. परंतु याच नियमांनी अशा गाडीला नित्याच्या वापरास मज्जाव केला आहे. प्रदर्शन, फेरी, दुरुस्ती, इंधन अशा मोजक्या कामांपुरतीच ती रस्त्यावर येऊ शकते. म्हणजे नियमांनीच भेद केला आहे. जी गाडी ठेवा म्हणून जपावयाची, तिचा अस्सलपणा राखावा. जी गाडी मुलाबाळांना घेऊन अमळनेरहून धुळ्याला जाणार आहे, तिने अस्सलपणाच्या नावाखाली माणसे पणाला लावू नयेत. जुन्या वाड्यात वीज घेतल्याने वाड्याचे वाडेपण जात नाही.

दुसरा आक्षेप अर्थशास्त्राच्या दालनातून आला आहे. सॅम पेल्टझमन या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७५ साली असे प्रतिपादन केले, की सुरक्षेची साधने मिळाली म्हणजे चालक अधिक बेफिकीर होतात आणि वाचलेल्या जिवांची भरपाई पादचाऱ्यांच्या जिवांनी होते. हा विचार चतुर आहे आणि मनुष्यस्वभावाला धरूनही आहे. पण तो अनुभवाच्या कसोटीवर पुरेसा उतरला नाही. अल्मा कोहेन आणि लिरान एनाव यांनी अमेरिकेतील राज्याराज्यांच्या अनुभवावरून २००३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पट्ट्याच्या वापराने एकंदर मृत्यू घटतात असे आढळले. बेफिकिरी वाढल्याचा पुरावा मिळाला नाही. तथापि पेल्टझमनचा इशारा एका ठिकाणी लागू पडतो. जो पट्टा बांधलेला दिसतो पण धरून ठेवणार नाही, तो केवळ खोटा धीर देतो. चांगला पट्टा माणसाला बेफिकीर करील की नाही हा वादाचा विषय असेल; वाईट पट्ट्याबद्दल वाद नाही.

तिसरा आक्षेप स्वातंत्र्याचा. 'जीव माझा, गाडी माझी. यात इतरांचा संबंध काय?' संबंध आहे. अपघाताचा खर्च केवळ अपघातग्रस्त भरीत नाही. तो सरकारी रुग्णालय भरते, मागे राहिलेली पत्नी भरते, शाळा सोडून कामाला लागणारा मुलगा भरतो. मागच्या आसनावर पट्टा न बांधता बसलेला माणूस धडकेत पुढच्या माणसावर आदळतो. म्हणजे त्याचे स्वातंत्र्य दुसऱ्याच्या पाठीवर कोसळते. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा मृत्यू झाला. गाडी अत्याधुनिक होती, मागच्या आसनांना पट्टेही होते. ते बांधलेले नव्हते. त्या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली आणि त्यांतील १६,७१५ जणांनी सुरक्षापट्टा बांधला नव्हता, असे केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाचा अहवाल सांगतो. पुढच्या आसनावरील माणसाचा मृत्यूचा धोका पट्ट्याने जवळजवळ निम्म्यावर येतो, असे जागतिक आरोग्य संघटनेचे म्हणणे आहे. या दोन विधानांचा हिशेब मांडावयास पदवीची आवश्यकता नाही.

कायद्याचे मौन

शासनाची भूमिका येथे मोठी विलक्षण आहे. पट्टा न बांधल्यास मोटार वाहन कायद्यातील २०१९च्या दुरुस्तीनुसार एक हजार रुपये दंड आहे. पण बांधण्याचे बंधन ज्या गाडीत नियमानुसार पट्टा दिलेला आहे तिच्यापुरते. ज्या गाडीत तो मुळातच नाही, तिच्याबद्दल नियम गप्प आहे. पंधरा वर्षांनंतर खासगी मोटारीची नोंदणी नव्याने करावी लागते. त्याचे शुल्क २०२२ साली पाच हजार रुपये झाले आणि वीस वर्षांहून जुन्या मोटारींसाठी २०२५ साली ते दहा हजारांवर नेण्यात आले. गाडी जुनी आहे म्हणून शुल्क वाढते. गाडी जुनी आहे म्हणून तिच्यात बसणाऱ्याच्या सुरक्षेची विचारपूस मात्र वाढत नाही. उलट एखाद्या मालकाने स्वतःहून सुधारणा करावयाचे ठरविले, तर कायद्याचे कलम ५२ त्याला बिचकविते. कारण नोंदणीतील तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल करण्यास त्याने मनाई केली आहे. बाक काढून दोन सुटी आसने बसविली तर नोंदलेली आसनसंख्या बदलते काय, असा साधा प्रश्न घेऊन मालकाने परिवहन कार्यालयाची पायरी चढावी, अशी ही व्यवस्था आहे. परिणामी प्रामाणिक माणूस काहीच करीत नाही आणि धाडसी माणूस वाटेल ते करतो.

हा पेच सोडविणे अवघड नाही. अशा गाड्यांचे प्रकार हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत. पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशनसारख्या संस्थेने फियाट, ॲम्बॅसडर आणि जीप यांच्यासाठी पट्टे कोठे व कसे जोडावेत याचे नमुना आराखडे एकदाच तयार करून मराठीसह सर्व भाषांत उपलब्ध करावेत. पट्ट्यांच्या जोडबिंदूंची मानके नव्या गाड्यांसाठी आहेतच. त्यांचा आधार घेता येईल. नोंदणीच्या नूतनीकरणाच्या वेळी आराखड्याबरहुकूम झालेल्या कामाची तपासणी करून ती नोंदणीत लिहावी आणि तशा मालकास शुल्कात सवलत द्यावी. दंडाने जे साधत नाही ते कित्येकदा सवलतीने साधते. जळगाव आणि धुळे येथील शासकीय तंत्रनिकेतने आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्था यांना हे काम सहज पेलेल. विद्यार्थ्यांना हाताला वळण लागेल, गॅरेजवाल्यांना प्रमाणित पद्धत कळेल आणि मालकाला खात्री मिळेल.

ज्यांना आसनच नाही

तथापि हा विचार येथे थांबविणे खानदेशापुरते तरी अपुरे ठरेल. १५ फेब्रुवारी २०२१च्या पहाटे यावल तालुक्यातील किनगावजवळ पपईने भरलेला ट्रक उलटला आणि मालावर बसून घरी परतणारे पंधरा-सोळा मजूर दबून मेले. त्यांच्यासाठी पट्टा नव्हता, कारण त्यांच्यासाठी आसनच नव्हते. गावोगाव धावणाऱ्या काळ्या-पिवळ्या जीपमध्ये आडव्या बाकांवर गुडघ्याला गुडघा लावून बसणारा विद्यार्थी किंवा शिक्षक हाही याच साखळीतला दुवा होय. जुन्या मोटारीच्या हौशी मालकापाशी निवड आहे. या प्रवाशांपाशी ती नाही. शेवटची एस.टी. चुकली किंवा रद्द झाली की मिळेल त्या वाहनाला लटकणे, एवढेच त्यांच्या हाती उरते.

म्हणून जुन्या गाडीत नवे आसन बसविणाऱ्याची थट्टा करू नये आणि त्याच्या हौसेला श्रीमंती चाळा म्हणून धुडकावूनही लावू नये. प्रवासात माणसाला बसावयास जागा हवी, आणि ती जागा आघातात त्याला धरून ठेवणारी हवी, हे तत्त्व त्याने आपल्यापुरते मान्य केलेले असते. शासनाचे काम त्याला रीतसर मार्ग दाखविण्याचे आहे. आणि तेच तत्त्व किनगावच्या वाटेवरील मजुरालाही लागू आहे, हे मान्य करण्याचे आहे. पपईच्या प्रत्येक क्रेटचा विचार करणारी बाजारपेठ ती क्रेट भरणाऱ्या माणसाला साधी बसावयाची जागा देऊ शकत नसेल, तर प्रश्न मोटारींचा उरत नाही. तो समाजाच्या हिशेबवहीचा होतो.